जेवण धरून साडेतीनशे

आमच्या घराण्यात आयकर भरणारी पहिली बाई मी. हे मी एके काळी फार ताठ मानेने सांगत असे. आता सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं: तो कर मी न मिळालेल्या पैशावर भरला, आणि तोही वकील हात जोडून नको म्हणत असताना.

मी विद्युल्लता धामणकर. राहणार काशी, संकठाजीच्या गल्लीत, तळमजल्याच्या दोन खोल्या आणि मध्ये चौक. वय तेव्हा एकसष्ट. नाव ऐकून लोकांना कुणी सडपातळ, चपळ बाई वाटते. मला चौकातून दारापर्यंत जाताना एकदा थांबून श्वास घ्यावा लागतो. आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर, याज्ञिक होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, अभिषेक करायचे आणि त्यांना आमच्याच घरी उतरवून घ्यायचे. हे गेले, यात्रेकरू यायचे थांबले, आणि रिकाम्या घरात मला करमेना म्हणून मी पाळणाघर काढलं.

नव्वद साली तीन मुलांवर सुरू केलं, अठ्ठ्याण्णव साली बारा होती. दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची. कुणाची आई बँकेत, कुणाची शाळेत, कुणाची रेल्वेच्या हापिसात. सकाळी नऊला आणून सोडायच्या, संध्याकाळी साडेपाचला न्यायच्या, महिना साडेतीनशे रुपये. मदतीला जडावती नावाची बाई. ती मुलांपेक्षा माझ्यावरच जास्त ओरडते. दारावर पाटी होती, पाटीवर टेलिफोन नंबर होता. तो टेलिफोनच नडला.

ज्याच्या घरी टेलिफोन त्याने मिळकत असो-नसो आयकराचं विवरण भरायचं, असा नियम त्या वर्षी आमच्या शहरालाही लागू झाल्याचं पेपरात आलं. गल्लीतले लोक हवालदिल झाले. समोरच्या पेढेवाल्याने तर टेलिफोन मेहुण्याच्या नावावर करता येईल का याची चौकशी सुरू केली. मी एकटी खूश होते. मला सरकारचा शिक्का असलेला एक कागद हवाच होता, की विद्युल्लताबाई कमावतात. तो मला नागपूरला दाखवायचा होता.

नागपूरला माझा मुलगा निमिष. बँकेत अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी मी अहिल्याबाई घाटावर कार्तिकस्नानाला गेले आणि पायरीवरून घसरून पाय मोडून घेतला. पुण्य किती मिळालं ठाऊक नाही, प्लास्टर दीड महिन्याचं मिळालं. तेव्हापासून निमिषने धोशा लावला: पाळणाघर बंद कर, खोल्या सोड, इकडे राहायला ये. सून चांगली आहे, नात हिमानी म्हणजे माझा जीव आहे, पण दुपारी तीन वाजता त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता असते की पंधरा दिवसांत मी पंख्याशी बोलायला लागले होते. मला काशीतच राहायचं होतं, माझ्या बारा पोरांच्या कल्ल्यात. त्यासाठी मी निमिषला एक थाप मारली.

तो दर महिन्याला दीड हजारांची मनीऑर्डर पाठवायचा. मी म्हटलं, "तुझ्या पैशाला मी हातसुद्धा लावत नाही. हिमानीच्या नावाने पासबुकात टाकते. माझं घर पाळणाघरावर चालतं."

तो म्हणाला, "असं असेल तर राहा, आई. ज्या दिवशी तसं नसेल त्या दिवशी मी न्यायला येईन."

पासबुक होतं, अगदीच नव्हतं असं नाही. त्यात अकराशे रुपये होते आणि शेवटची नोंद शहाण्णव सालची होती.

तर मी वही घेऊन कचहरीजवळच्या एका आयकराच्या वकिलाकडे गेले. वही मी चांगली ठेवते. जमा बाजूला बारा मुलांचे वर्षाचे पन्नास हजार चारशे. खर्चात जडावतीचा पगार, चटया, फिनेल, रंगीत खडू, पाटी रंगवल्याचे, लाकडी घोडा एक, त्याच घोड्याचा पाय बसवल्याचे, आणि चष्मा एक, सुमंत त्यावर बसला म्हणून. सुमंत म्हणजे आमच्यातला चार वर्षांचा पैलवान. वकीलसाहेबांनी चष्म्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हा धंद्यातलाच अपघात आहे. त्यांनी तो राहू दिला. सगळं मिळून आठ हजार झाले.

मग त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले, पुन्हा उलटलं. "माताजी, बच्चे दिन भर कुछ खाते नहीं हैं क्या?"

"खाते हैं. दूध दो बार, दाल-चावल, सब्ज़ी, शाम को कुछ हलका."

"तो वो कहाँ लिखा है?"

"वो नहीं लिखना है."

ते समजायला आमचं घर समजावं लागेल. हे म्हणायचे, आपल्याकडे अन्नविक्रय नाही. पंचवीस पंचवीस माणसं जेवून जायची, जाताना जी काय दक्षिणा ठेवतील ती ठेवतील. जेवणाचा भाव कुणी विचारला तर हे कानांवर हात ठेवायचे. एकदा जळगावकडचं अकरा जणांचं कुटुंब चार दिवस जेवलं आणि अकरा रुपये ठेवून गेलं. ते अकरा रुपये मी यांना महिनाभर ऐकवले. सगळा संसार मी या नियमावर करवादत काढला, आणि हे गेल्यावर तोच नियम छातीशी धरून बसले. मुलं सांभाळायचे पैसे घ्यायचे, भरवायचे घ्यायचे नाहीत. घ्यायचे नाहीत म्हणून मागायचे नाहीत, आणि मागायचे नाहीत तर लिहायचे कशाला? आमच्याकडे पंगतीचा हिशेब कधी कागदावर आला नव्हता, तो मी वकिलासमोर आणणार नव्हते.

वकीलसाहेबांनी हात जोडले. लोक न केलेला खर्च लिहवतात, म्हणाले, केलेला खर्च लपवणारी पार्टी मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. चाळीस हजारांपर्यंत कर नाही; तुम्ही नुसतं दूध लिहिलंत तरी सुटता. मी म्हटलं, धर्म आहे. तेही ब्राह्मण, त्यांनी मान डोलावली, शंभर रुपये फी घेतली आणि दोनशे चाळीस रुपयांचं चलान माझ्या हातात दिलं.

खोटं कशाला बोलू, धर्म निम्माच होता. बाकीचं निम्मं असं की जेवण लिहिलं असतं तर खाली नफा म्हणून जे उरलं असतं ते मला बघायचंच नव्हतं. इतकी वर्षं मी तो आकडा काढला नव्हता.

रविवारी सकाळी निमिषचा फोन आला. दोनशे चाळीस रुपये बँकेत भरून, पावती घेऊन, मी नुसती फुगले होते. पोराला सांगावं की हवापाण्याचं बोलून गप्प बसावं? माझी जीभ कसली गप्प बसते.

"आयकर भरला मी," मी म्हटलं.

"तू? किती?"

"दोनशे चाळीस."

बँकेतला माणूस, कराच्या आकड्यावरून मिळकत काढायला त्याला कागदसुद्धा लागत नाही. "म्हणजे बेचाळीस हजारांच्या वर नफा झाला? आई, बारा मुलांत?"

"बेचाळीस हजार चारशे," मी म्हटलं. चारशेसुद्धा सोडवले नाहीत मला.

"मी दिवाळीला येतो," तो म्हणाला. "जरा बघतो वही."

हे 'जरा बघतो' त्याच्या वडिलांचं आहे. हे ज्या वस्तूला असं म्हणायचे ती वस्तू पुन्हा धड व्हायची नाही.

दिवाळीच्या तीन दिवस आधी निमिष आला. पाळणाघर चालूच होतं. चौकात खुर्ची टाकून बसला, वही मांडीवर. साडेअकराला मी मुलांची पंगत मांडली. बारा ताटल्या, बारा वाट्या. वरण-भात, दुधीची भाजी, वर साजूक तुपाची धार. मुलगा बघतोय म्हणून मी तूप जरा जास्तच सोडलं, म्हणजे माझ्या पायावर माझ्याच हाताने धोंडा. सुमंतने तिसऱ्यांदा भात मागितला. निमिषने वही मिटली.

"जडावती," त्याने विचारलं, "दूध कितना आता है रोज़?"

मी तिला खुणावलं. तिने बघितलं नाही. कुणी हिशेब विचारला की तिला स्फुरण चढतं. "छह लीटर, भइया," ती म्हणाली. "और चावल, दाल, सब्ज़ी, घी, सब अलग."

मुलं दुपारी झोपल्यावर निमिषने पेन काढलं. एका मुलाचे दिवसाला दहा रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस, बारा मुलं. वहीच्या खालच्या कोऱ्या जागेत त्याने लिहिलं: जेवण-दूध, महिना तीन हजार. मग एकूण जमेतून ते वजा केलं, बाकीचा खर्च वजा केला आणि वही माझ्याकडे वळवली. तिथे पाचशे तेहतीस लिहिलं होतं.

"महिन्याला पाचशे तेहतीस," तो म्हणाला. "यात भाडं, वीज, टेलिफोन, तुझं औषध, तुझं खाणं. आई, तू कशावर जगतेस?"

"मला एकटीला लागतं किती?"

"पासबुक दाखव."

मी म्हटलं, बँकेत ठेवलंय. तो म्हणाला, "मी बँकेत काम करतो, आई. पासबुक घरी असतं."

मी ते डाळीच्या डब्यामागून काढून दिलं. त्यात वाचण्यासारखं फार काही नव्हतं, तरी त्याने दोनदा वाचलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी दुप्पट ओरडले असते, त्यात मला कुणी हरवत नाही. पण तो हळू आवाजात म्हणाला, "हिमानीला मी सांगून ठेवलंय, आजी तुझ्यासाठी पैसे साठवते. ती मला दर महिन्याला विचारते, किती झाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ वर्षांच्या पोरीशी मी खोटं बोलले होते, तेही तिच्या बापाच्या तोंडून.

"मार्चअखेर बंद कर," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये मी न्यायला येतो."

आणि मग मला जो राग आला तो काही न्यायाचा नव्हता. चूक माझी असली की मला जास्त राग येतो. मी म्हटलं, "तुझे पैसे मी काय दागिन्यांत घातले? पोरांच्या पोटात गेले."

"तेच म्हणतोय मी. त्या पोरांचे आई-बाप दोघं कमावतात. त्यांच्या पोरांना तू माझ्या पैशाने जेवू घालतेस आणि वर सरकारला कर भरतेस. हा कुठला धंदा?"

"तुझ्या वडिलांनी कधी अन्नाचे पैसे—"

"बाबांना लोक दक्षिणा देत होते. तुला कोण देतं?"

मी एकदम म्हणाले, "ठीक आहे. मी जेवणाचे पैसे घेईन."

निमिष हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "तू? जेवणाचे?"

ते हसू मला फार लागलं. "तुझी मनीऑर्डर आजपासून बंद," मी म्हटलं. "मार्चअखेर वही दाखवते. एक पैसा इकडचा तिकडे केलेला नसेल. त्यावर घर चाललं नाही तर न्यायला येऊ नकोस, मीच तिकीट काढून येईन."

"कबूल," तो म्हणाला, आणि खरोखरच मनीऑर्डर बंद केली. इतकं आज्ञाधारक व्हायची काही गरज नव्हती.

बोलून तर बसले. निमिषच्या हिशेबाने एका मुलाचे महिना अडीचशे मागायला हवे होते. मी आधी जडावतीसमोर तालीम करायची ठरवली. तिला म्हटलं, तू आई हो, मी पैसे मागते. मी म्हटलं, "खाने का ढाई सौ अलग से." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतना महँगा?" आणि मी तिथल्या तिथे दोनशेवर आले. तालमीत पन्नास रुपये गमावणारी बाई मीच.

पहिली गाठली ती मालविकाला. ती बँकेत कारकून, तिची मुलगी रुची माझ्याकडे तीन वर्षं होती. म्हटलं आपली मराठी मुलगी आहे, समजून घेईल. संध्याकाळी ती आली. मी म्हटलं, "मालविका, जरा बोलायचं होतं." ती थांबली. मी तिच्या हातावर लाडू ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचं होतं, पुन्हा लाडू. असे चार दिवस चार लाडू गेले, म्हणजे जेवणाचे पैसे मागायच्या नावाखाली मी आता मुलांच्या आयांनाही खाऊ घालायला लागले होते. पाचव्या दिवशी तिनेच विचारलं.

"काकू, काय झालंय? तुम्हाला झेपत नाहीये का आता? रुचीला काढून घेऊ का?"

"नाही गं बाई. जेवणाचे पैसे."

"कुठल्या जेवणाचे?"

"रुची इथे जेवते, त्या."

मालविका गोंधळली. "पण ते साडेतीनशेत धरूनच आहे ना, काकू? जेवण धरून?"

आठ वर्षं. आठ वर्षं मी धर्म सांभाळला, तुपाची धार कधी बारीक होऊ दिली नाही, आणि त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. त्यांना वाटत होतं मी पैसे घेते. चांगल्यापैकी स्वस्तात देते, इतकंच. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी ओट्याच्या कडेवर बसले.

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "किती द्यायचे?"

जिभेवर अडीचशे होते. बाहेर आलं ते, "दीडशे."

"इतकेच?" ती म्हणाली.

तो शब्द मला अजून झोपेत ऐकू येतो. पण मालविकाला दीडशे सांगितल्यावर दुसरीला अडीचशे कसे सांगणार? सगळ्यांना दीडशे. डिसेंबरपासून बहुतेकांनी मुकाट दिले. फक्त सुमंतच्या वडिलांनी भुवया वर केल्या. पलीकडच्या गल्लीत नवी पोरगी चारशेत सगळं करते म्हणाले, आणि महिनाअखेर सुमंतला घेऊन गेले. वहीच्या दृष्टीने सुमंत जाणं म्हणजे दिवाळीच, तीन मुलांचं तो एकटा जेवायचा. मी मात्र पुढचे पंधरा दिवस चुकून बारावी वाटी मांडत होते. जडावती काही न बोलता ती उचलून ठेवायची. ती न बोलता काम करते तेव्हा समजावं की तिलाही वाईट वाटतंय.

आणखी एक झालं, त्याची मला कल्पना नव्हती. जेवण फुकट होतं तोवर ते कसं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. दीडशे रुपये हातात पडले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सगळ्या आयांना वाचा फुटली. रोज दुधीच का, काकू? भाजीत मिरची होती का हो, ह्याचं तोंड लाल होतं. एकीने तर दूध पातळ असतं असं सुचवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मला आठवलं की तिने पैसे दिलेत. ज्याने पैसे दिले त्याला बोलता येतं, आणि मला ऐकून घ्यावं लागतं. माझ्या नवऱ्याने जन्मभर अन्न विकलं नाही त्याचं एक कारण त्या दिवशी मला कळलं. त्यांना कुणाचं ऐकून घ्यायचं नव्हतं.

पण मी ऐकून घेतलं. दुधीऐवजी मंगळवारी पडवळ केलं. त्या चार महिन्यांत मी पेपर बंद केला, माझ्या भातावरचं तूप बंद केलं, मुलांचं केलं नाही. उधारी केली नाही. एका महिन्यात विजेचं बिल आणि औषध एकदम आलं तेव्हा औषध अर्धं आणलं. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण न आणलेल्या औषधाला रकाना नसतो.

मार्चअखेर हिशेब मांडला. या वेळी सगळा लिहिला: दूध सहा लीटरचं साडेपाच झालं ते, तांदूळ, डाळ, तूप, पडवळ. अकरा मुलं. जेवण धरून जमा महिना साडेपाच हजार. खर्च वजा जाता उरले दोन हजार त्र्याऐंशी. मी वहीकडे बघत बसले. आधी निमिषच्या मनीऑर्डरसकट मला महिना पडत होते दोन हजार तेहतीस. आता मनीऑर्डर नव्हती आणि पन्नास रुपये जास्तच होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं घर खरंच पाळणाघरावर चाललं होतं, आणि मी ते इतकी वर्षं थाप म्हणून सांगत होते.

निमिषला फोन केला. सगळं वाचून दाखवलं, सुमंत गेल्याचं, अर्ध्या औषधाचंसुद्धा. या वेळी चारशेच काय, चार रुपये वाढवून सांगितले नाहीत.

"अडीचशेचे दीडशे का घेतलेस?" त्याने विचारलं.

"तोंडातून निघाले."

"बरं," तो म्हणाला. "बघतो."

एवढंच. शाबास नाही, राहा नाही, ये नाही. तीन आठवडे त्याचा फोन आला नाही, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन हजार त्र्याऐंशी म्हणजे त्याला काय वाटणार? त्याच्या शिपायाचा पगार जास्त असेल. तो न्यायला येणार असं मी मनाशी धरलं. एक दिवस ट्रंक काढून काय न्यायचं काय नाही ते बघायला बसले, आणि लाकडी घोडा ट्रंकेत मावत नाही म्हणून जडावतीशी भांडले. ती म्हणाली, "घोड़ा नागपुर जाके क्या करेगा?" मी म्हटलं, मी जाऊन जे करणार तेच.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी पोस्टमन आला. मुलं झोपली होती.

"माताजी, मनीऑर्डर. नागपुर से."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सहा महिन्यांची माझी वही याच्या लेखी कचरा. पुन्हा दीड हजार, पुन्हा मी याच्या जिवावर, आणि मग कधी तरी न्यायला येणार. मी म्हटलं, "लौटा दो. नहीं लेना है."

पोस्टमन वैतागला. उन्हातून आला होता बिचारा. "एक बार देख तो लीजिए, पाँच सौ का है."

पाचशे? मी कुपन हातात घेतलं. निमिषचं अक्षर बारीक आहे, नव्या चष्म्यातूनही दूर धरून वाचावं लागतं. लिहिलं होतं: 'कु. हिमानी निमिष धामणकर, वय वर्षे आठ, एक मे ते एकतीस मे. देखभाल तीनशे पन्नास, जेवण एकशे पन्नास. आगाऊ. कृपया पावती पाठवावी.'

सख्ख्या नातीच्या जेवणाचे पैसे. आजीला. मी त्या पोस्टमनच्या देखत निमिषला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही; पोस्टमनला मराठी येत नाही हे नशीब. पैसे परत जायलाच हवेत असं म्हणत मी ते कुपन पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मला सगळं जरा उशिराच कळतं. जे घर बंद करून आईला न्यायचं आहे त्या घरी कुणी आपली मुलगी आगाऊ पैसे भरून पाठवत नाही. तो 'बघतो' म्हणाला होता, आणि त्याने बघितलं होतं.

मला रडू आलं. पोस्टमनने नोटा मोजून पायरीवर ठेवल्या आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

मुलं उठायच्या आत मी पावतीपुस्तक काढलं. आजवरच्या पावत्यांत मी फक्त 'देखभाल' लिहीत आले होते. जेवणाचे दीडशे घेत होते, पण लिहायला हात धजला नव्हता. या वेळी पावती मागणाऱ्याने दोन्ही रकमा वेगळ्या लिहूनच ती मागितली होती. मी लिहिलं, 'श्री. निमिष यज्ञेश्वर धामणकर यांजकडून.' यज्ञेश्वर लिहिताना थांबले. ज्या माणसाने उभ्या जन्मात जेवणाचा भाव सांगितला नाही, त्याचं नाव आमच्या पहिल्या अन्नाच्या पावतीवर चाललं होतं. मी मनात म्हटलं, रागवायचं असेल तर रागवा, तुमच्याच मुलाने मागितली आहे. मग पुढे लिहिलं, 'भोजनाबद्दल रुपये एकशे पन्नास मिळाले,' आणि सही केली.

पावतीच्या तळाशी पालकांसाठी सूचना लिहायला दोन ओळींची जागा असते. एरवी तिथे मी 'जादा कपड्यांचा जोड सोबत द्यावा' असं लिहिते. तेही लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'मुलीला पोहोचवायला येणाऱ्या पालकांकडून जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत.'